टेबल रेषेच्या आत की बाहेर?

वकीलबाईंना विचारा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, पूल-स्नूकरची टेबलं आणि त्यांच्या शेजारचा बार. तिन्ही नाशिकची. पहिल्या पत्राला उत्तर लांब झालंय. बाकी दोघांनी रागावू नये, त्यांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा सोळाचा, अकरावीत. क्लास कॉलेज रोडला. मागच्या महिन्यात त्याच्या पँटचे खिसे उलटे करून धुवायला टाकताना हाताला निळी पूड लागली. मला वाटलं शाई फुटली. विचारलं तर म्हणाला, ‘‘क्यूचा चॉक आहे, आई.’’ क्यू म्हणजे खेळायची काठी. क्लास सुटला की चौघं पूल, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू भोकात पाडायचा खेळ, खेळायला जातात. जागा अशी, की खाली पूलची तीन टेबलं आणि वर माळ्यावर बार. मी एकदा रिक्षाने जाऊन बाहेरूनच बघून आले, आत जायचा धीर झाला नाही. मुलगा म्हणतो, ‘‘आम्ही पीत नाही, आणि खेळायला बंदी कुठाय? इंग्लंडमध्ये सोळा वर्षांची मुलं पबमध्ये जातात, तिथे पूलची टेबलंच असतात.’’ आमचे दीर त्याच्याच बाजूचे. वाढदिवसाला त्यांनीच त्याला तिथे नेलं, आणि वर ‘‘एका बिअरने काय होतंय, वहिनी?’’ असं मलाच ऐकवलं. मालकाला फोन केला तर म्हणाला, ‘‘मॅडम, हा स्पोर्ट आहे.’’ कायदा काय म्हणतो? तक्रार केली तर मुलाचं नाव येईल का?
एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चार माणसं बोलतात, आणि गंमत म्हणजे चौघंही थोडं थोडं खरं बोलतात. फक्त दीर सोडून. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

मालक म्हणतो हा स्पोर्ट आहे. आहेच. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात, पूलच्याच कुळातल्या बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. स्नूकर तर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमवलेला खेळ, म्हणजे आपल्याच देशात जन्मलेला. पण ज्या मेसमध्ये तो जन्मला तिथेही टेबलाशेजारी ग्लास असणारच. या खेळाची आणि ग्लासाची सोबत जुनी आहे, आणि जगभरचे कायदे त्या जोडीकडे बघूनच झालेत.

मुलाने इंग्लंडचं नाव काढलंय, म्हणून तेही सांगते. तिथल्या २००३ च्या लायसन्सिंग कायद्यानुसार, जी जागा मुख्यतः दारू विकण्यासाठीच चालते तिथे सोळाच्या आतल्या मुलाला मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ठेवता येत नाही. सोळा पूर्ण झाली की ती अट सुटते, दारू विकत घ्यायला मात्र अठरा लागतात. म्हणजे तुमचा मुलगा तिथे असता तर आत जाऊन खेळू शकला असता, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण त्याच इंग्लंडमध्ये १८४५ च्या गेमिंग कायद्याने सार्वजनिक बिलियर्ड टेबलाला लायसन्स लागायचं, आणि रात्री एक ते सकाळी आठ आणि रविवारी दिवसभर खेळ बंद ठेवावा लागायचा, हे त्याने वाचलेलं नसणार. अमेरिकेत पिण्याचं वय सगळीकडे २१. पण मुलांनी पूल खेळावं की नाही, बार असलेल्या जागी खेळावं की नाही, याचे नियम राज्याचे वेगळे आणि गावाचे वेगळे. कॅलिफोर्नियातल्या साउथ पासाडेना गावाने तर भाड्याने खेळायची बिलियर्ड आणि पूलची टेबलंच बंद केली होती, फक्त मोठ्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना सूट. टेबलवाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१२ मध्ये हरला. न्यायालयाने म्हटलं, अशा जागा रिकामटेकडेपणाला खतपाणी घालतात, गावाला बंदीचा अधिकार आहे. तिथे मुद्दा दारूचा नव्हताच. पोरं ‘नादी लागतात’ हे आपल्या आजीचं वाक्य सातासमुद्रापार न्यायमूर्तींच्या तोंडी होतं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राचा मद्यबंदी कायदा १९४९ चा. नावात बंदी असली तरी तो चालतो परवान्यावर. आपण ज्याला सर्रास ‘परमिट रूम’ म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ बहुतेकांच्या डोक्यात हॉटेलवाल्याचं परमिट असा असतो. तसं नाही. परमिट पिणाऱ्याचं. ज्याच्याकडे पिण्याचा परवाना आहे त्याने ज्या खोलीत बसून प्यायचं ती परमिट रूम. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो, आणि टेबलावर कोणी तो मागत नाही म्हणून आपण विसरलो. या परवान्याला वय लागतं : कडक मद्याला २५, सौम्य बिअरला २१. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला यातला कुठलाच परवाना मिळू शकत नाही. मग परमिट रूममध्ये त्याचं काम काय, हा प्रश्न मालकाला विचारायचा. पण पूल खेळायला अमुक वय हवं, असं त्या कायद्यात शोधायला जाऊ नका. तो कायदा मद्याचा आहे, खेळाचा नाही.

इथेच मालकांचं फावतं आणि आयांचं घोडं अडतं. आई म्हणते, ‘‘माझा मुलगा तिथे खेळतो.’’ अधिकारी म्हणतो, ‘‘खेळतो ना, पीत तर नाही?’’ संपलं.

म्हणून तक्रार मुलाची करू नका, रेषेची करा. ही रेषा म्हणजे काय ते सांगते. बारला लायसन्स मिळतं तेव्हा सोबत जागेचा नकाशा मंजूर होतो. कोणत्या खोलीत, किती जागेत मद्य द्यायचं हे त्यात आखलेलं असतं. त्या आखणीबाहेर ग्लास गेला की लायसन्सचा भंग. मग ग्लास पन्नास वर्षांच्या माणसाच्या हातात असला तरीही.

तुमचं पत्र आल्यावर मी भाच्याला घेऊन अशाच एका जागी जाऊन आले. तुम्ही सांगितलेलीच जागा होती की नाही ते सांगत नाही. मंगळवार, दुपारचे चार. बाहेर कडक ऊन आणि आत संध्याकाळ : काचांवर काळी फिल्म, प्रत्येक टेबलावर लोंबता दिवा, बाकी अंधार. मधल्या टेबलावर चार मुलं, दप्तरं टेबलाखाली सरकवलेली, एकाच्या गळ्यात क्लासचं ओळखपत्र तसंच. मुलं छान खेळत होती, हे आधी सांगते. एक मुलगा तर फटका मारण्यापूर्वी एक डोळा मिटून इतका वेळ थांबला, की मीच श्वास रोखून धरला. पण टेबलाच्या लाकडी काठावर ओलं गोल वर्तुळ होतं, ग्लासाच्या बुडाएवढं. शेजारीच निळ्या चॉकचा ठोकळा. वर्तुळ ओलं होतं, म्हणजे ग्लास नुकताच उचललेला. शेजारच्या टेबलावरचे तिघं पस्तिशीतले, आणि वरून जिन्याने वेटर ट्रे घेऊन त्यांच्यासाठी खाली येत होता. मला बघून म्हणाला, ‘‘मॅडम, काही घेणार?’’ मी चहा मागितला. चहा मिळत नाही म्हणाला.

गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी लायसन्स टांगलेलं होतं, त्यावर झेंडूची सुकलेली माळ. मी चष्मा लावून वाचलं. मॅनेजरला विचारलं, ‘‘मंजूर नकाशात खालचा मजला आहे का हो?’’ तो आधी हसला, मग भाच्याकडे बघून म्हणाला, ‘‘साहेब, मॅडम कुठून आल्यात?’’ या प्रश्नावरूनच मला उत्तर मिळालं. पण माझा अंदाज म्हणजे पुरावा नाही. पुरावा कागदात असतो, आणि कागद तुम्हाला मागता येतो.

माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाशिकच्या अधीक्षक कार्यालयाकडे दोनच गोष्टी मागा : त्या जागेच्या लायसन्सची अटींसह प्रत आणि मंजूर नकाशाची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मालक मध्ये हरकत घेईल, घेऊ द्या, त्यावर अधिकाऱ्याला निर्णय द्यावाच लागतो. दुसरं पत्र पोलीस आयुक्तालयाला. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर नियम आणि परवान्याने नियंत्रण ठेवायचा अधिकार आयुक्तांना आहे. तिथे विचारा : या पूल हॉलला करमणुकीच्या जागेचा परवाना आहे का, असल्यास वेळ आणि वय यांच्या अटी काय? दोन्ही कागद शेजारी ठेवले, की टेबल रेषेच्या आत उभं आहे की बाहेर ते कळतं. आत असेल तर परमिट रूममध्ये शाळकरी मुलं कशी? बाहेर असेल तर तिथे बिअर कशी? मालकाला दोन्हींपैकी एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल, आणि मी असते तर दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारले असते.

धुराचंही बघा. बंदिस्त सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला २००३ च्या तंबाखू कायद्याने मनाई आहे आणि अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं हा वेगळा गुन्हा. अशा जागी बहुधा हेही चालू सापडतं.

आता दीर. अहो, त्यांना हा अंक दाखवाच. बालन्याय कायदा, २०१५. कलम ७७. अठराच्या आतल्या मुलाला जो कोणी मद्य देईल किंवा द्यायला लावेल त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘जो कोणी’ म्हणजे बारवाला, वेटर, मित्र आणि सख्खा काकासुद्धा. सूट फक्त डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितलं तर, आणि वाढदिवस हा काही आजार नाही. जुन्या, २००० च्या कायद्यात मद्याच्या बाबतीत ‘सार्वजनिक जागी’ असे शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. नव्या कायद्यात ते शब्द गेले. म्हणजे ‘घरीच दिली की’ हा बचावही गेला. आणि ‘बिअरच होती’, ‘वाइनच होती’ हेही चालत नाही. आपण नाशिककर वाइनला फळांच्या रसाच्या रांगेत बसवतो म्हणून मुद्दाम सांगते. गंगापूर-सावरगावच्या द्राक्षमळ्यात रविवारी मुलाबाळांसह खुशाल जा, मुलांना वेलींमध्ये हिंडू द्या. ग्लास त्यांच्या हातात गेला की हेच कलम.

दिरांना हे पुस्तकी वाटलं तर १९ मे २०२४ ची पुण्यातल्या कल्याणीनगरची पहाट आठवायला सांगा. सतरा वर्षांचा मुलगा, दोन बार, मग गाडी, आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर बारच्या मालक-व्यवस्थापकांवर आणि मुलाच्या वडिलांवर जी कलमं लागली त्यात याच बालन्याय कायद्याची कलमं होती.

मुलाच्या नावाचं विचारलंत. वरच्या दोन्ही अर्जांत त्याचं नाव लिहायची गरजच नाही. तुम्ही एक नागरिक म्हणून जागेबद्दल विचारताय. पुढे प्रकरण मुलांपर्यंत गेलंच, तर बालन्याय कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे पीडित किंवा साक्षीदार मुलाचं नाव, पत्ता, शाळा छापायला बंदी आहे. आणि कधी संध्याकाळी तिथे मुलांच्या हातात ग्लास दिसलाच, तर अर्ज-बिर्ज बाजूला ठेवून १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन करा.

एक खासगी सल्ला, फी न घेता. अर्ज टाकण्याआधी मुलाला सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. त्याने तुम्हाला चॉक आहे हे सरळ सांगितलं, शाई आहे म्हणून सांगू शकला असता.

प्रश्न : सिडकोत माझा पहिल्या मजल्यावर छोटा पूल हॉल आहे, दोन टेबलं. दारू नाही, सिगारेट नाही, पाटी लावलेली आहे. येणारी बहुतेक मुलं कॉलेजची, काही दहावीचीही. तासाच्या पैशात भाडं आणि वीज निघते, बाकी फारसं उरत नाही. शेजारचा परमिट रूमवाला म्हणतो, मधली भिंत पाडू, दोघांचा धंदा वाढेल. दुसरं, आमच्याकडे ‘हरणारा टेबलाचं बिल भरेल’ असा रिवाज आहे. एक गिऱ्हाईक म्हणाला हा जुगार होतो. होतो का?
एक हॉलचालक, सिडको

उत्तर : आधी जुगाराचं, ते सोपं आहे. आपला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही असं लिहिलंय. पूल हा हाताचा आणि नजरेचा खेळ, नशिबाचा नाही (माझा भाचा हरला की उलटं म्हणतो). हरणाऱ्याने टेबलाचं भाडं भरणं हा जुना रिवाज, आणि त्यावरून कोणाला धरल्याचं माझ्या वकिलीत मी पाहिलेलं नाही. पण बाजूला स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या फ्रेमवर, म्हणजे डावावर, पाचशे-हजार लावणारे असतात ना, ते तुमच्या हॉलमध्ये नकोत. तिथे कौशल्य खेळणाऱ्याचं, पैसे बघ्याचे. त्याला कायद्यात पैज म्हणतात, आणि जागा तुमची असते.

भिंत पाडू नका. हे मी वकील म्हणून कमी आणि हिशेब येणारी बाई म्हणून जास्त सांगते. आज तुमच्याकडे दहावीचा मुलगा येतो तेव्हा त्याची आई फार तर अभ्यासावरून कटकट करते. भिंत पडली की तोच मुलगा तुमच्या डोक्यावरची टांगती तलवार. त्याच्या हातात कोणी गंमत म्हणून ग्लास दिला तर ‘द्यायला लावणारा’ कोण, यावर तुम्ही आणि शेजारी कोर्टात एकमेकांकडे बोट दाखवणार. लायसन्स त्याचं, नकाशा त्याचा, आणि गिऱ्हाईक तुमचं. शिवाय पिणारा माणूस टेबलावर कसा खेळतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कापड फाटलं तर नवं बसवायचा खर्च शेजारी देणार आहे का, हे आधी विचारा.

चहा-कॉफीचं बघा त्यापेक्षा. मला त्या दिवशी मिळाला असता तर मी दोन कप घेतले असते.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, पंचवटीत राहतो. स्नूकर खेळतो, स्पर्धांमध्येही उतरलोय. घराजवळ पूलची टेबलं आहेत, पण पूर्ण मापाचं स्नूकर टेबल ज्या क्लबात आहे तिथे बारही आहे. बाबा म्हणतात, बार आहे तिथे पाऊल टाकायचं नाही. मी दारूला हातही लावत नाही. कायद्याने मला बंदी आहे का?
एक खेळाडू, पंचवटी

उत्तर : तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तू ‘पूर्ण मापाचं’ असं लिहिलंस. ज्यांनी ते टेबल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : स्नूकरचं टेबल बारा फुटी, पूलचं साधारण नऊ फुटी. पूलच्या टेबलावर स्नूकरचा सराव करणं म्हणजे गल्लीत क्रिकेट खेळून गोल्फ क्लब मैदानावरच्या क्रिकेट मॅचची तयारी करणं. लांबचा पॉट, म्हणजे दूरचा चेंडू भोकात पाडणं, त्यावर शिकताच येत नाही. तुझी अडचण खरी आहे.

कायद्याचं वर सांगितलंय. बहुतेक क्लबांत बार एका खोलीत आणि बिलियर्ड रूम दुसरीकडे असते. तुझ्या क्लबात तसं असेल, नकाशात रेषा दोन्हींच्या मधून जात असेल आणि ग्लास ती ओलांडत नसेल, तर मला त्यात अडचण दिसत नाही. तरी क्लबचे स्वतःचे नियम बघ. काही क्लब अठराच्या आतल्या सभासदपुत्रांना बिलियर्ड रूममध्ये ठरावीक वेळीच येऊ देतात. सेक्रेटरींना लेखी अर्ज दे : सकाळी दहा ते एक सरावाची वेळ मिळावी, त्या वेळात बिलियर्ड रूममध्ये मद्य दिलं जाऊ नये. खेळाडूने असा अर्ज केला तर समिती सहसा नाही म्हणत नाही, उलट त्यांना नोटीस बोर्डावर लावायला बातमी होते. स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र असेल तर सोबत जोड.

राहिले बाबा. ते जे म्हणतात त्यात कायदा कमी आणि काळजी जास्त आहे, आणि काळजीला कलम दाखवून भागत नाही. अर्ज मंजूर झाला की पहिल्या दिवशी त्यांनाच सोबत घेऊन जा. बारचं दार कुठे, टेबल कुठे, ते त्यांना स्वतः बघू दे. मग एक क्यू त्यांच्या हातात दे, चॉक लावायला शिकव. पहिल्या फटक्यात ते लालऐवजी पांढराच पॉट करतील. हसू नकोस. त्यांचे चार फाउलचे गुण आपल्या नावावर मांड आणि त्यांना पुन्हा खेळू दे.